उतरतानाची गोष्ट

मी लिफ्टचा मेकॅनिक आहे आणि चांगला मेकॅनिक आहे. हे दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत बसलो तर जन्म जाईल, म्हणून आधीच सांगून टाकतो. सत्तावीस वर्षांत चारशेच्या वर लिफ्ट माझ्या हाताखालून गेल्या. दार सरकतानाच्या आवाजावरून मी सांगतो, खालची खाच झिजलीय की कुणीतरी फटीत नाणं पाडलंय. मात्र या सत्तावीस वर्षांत मी स्वतः नाइलाज असल्याशिवाय जिना चढलो नव्हतो. ज्याने लोकांना जिना विसरायला लावला, त्यानेच जिना चढायचा म्हणजे कमीपणाच की.

आमच्या कंपनीत पन्नाशी उलटली की दरवर्षी तब्येतीची परीक्षा असते. आवारात शिकाऊ लोकांसाठी बांधलेला आठ मजली मनोरा आहे. आत लिफ्टची उंचच उंच पोकळी आणि तिच्या भिंतीला सरळसोट लोखंडी शिडी. कमरेला पट्टा बांधायचा, शिडीने वर जायचं, शिडीनेच खाली यायचं आणि स्टुलावर गप्प बसायचं. तीन मिनिटांनी डॉक्टर नाडी बघतात. ठोके एकशे दहाच्या खाली आले की पास. दोन वर्षं मी कसाबसा निभावलो होतो, तेव्हा डॉक्टरही जुने होते आणि ओळखीचे होते.

या वर्षी डॉक्टर नवे आले. मी पाचव्या मजल्यापाशी अडकलो. हात शिडीला चिकटलेले, पाय शिडीला चिकटलेले, आणि वर जायचं की खाली यायचं हे ठरवण्याइतकाही श्वास अंगात उरला नव्हता. शेवटी दोघांनी मला पाचव्या मजल्याच्या दारातून ओढून बाहेर काढलं आणि शेजारच्या लिफ्टने खाली आणलं. अडकलेल्या शेकडो लोकांना मी असं बाहेर काढलंय. "घाबरू नका, झालं आता," असं त्यांना म्हणायचो, तेच वाक्य त्या दिवशी मला कुणीतरी ऐकवलं.

"नाडी एकशे बावन्न, वजन एक्क्याण्णव," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांनी परत या. तेव्हाही जमलं नाही तर तुम्हाला पोकळीत उतरू देता येणार नाही. फोनवर बसावं लागेल."

फोनवर बसणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. ज्यांनी मला हे काम शिकवलं, ज्यांना मी उस्ताद म्हणतो, ते चार वर्षांपूर्वी याच शिडीवर नापास झाले. तेव्हापासून ते तक्रारींच्या खोलीत फोनवर बसतात. त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा कुणाशी तरी बोलत होते. "दार बंद होताना खट् असा आवाज एकदा येतो की दोनदा? दोनदा? बरं." त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "दाराच्या वरची तार सुटलीय. दोन मिनिटांचं काम." मग त्यांनी तक्रार कागदावर उतरवली आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं. तो तासाभराने पोचणार, आणि आधी भलतंच काहीतरी उघडून बसणार.

उस्तादांचे हात टेबलावर पडून होते. नखं स्वच्छ होती. मेकॅनिकची नखं इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती आणि मला ती बघवेनात.

"तीन महिने दिलेत म्हणे," उस्ताद म्हणाले.

"पुष्कळ झाले," मी म्हणालो.

"मीही हेच म्हणालो होतो," ते म्हणाले, आणि फोन परत वाजला.

मग मी कंबर कसली. म्हणजे कसायला घेतली. पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढे गेला होता. चौकातल्या व्यायामशाळेत नाव घातलं. पहिल्याच दिवशी चालायच्या यंत्रावर उभा राहिलो तर पट्टा डावीकडे सरकत होता. आता असं यंत्र माझ्या पायाखाली आहे आणि मी नुसता चालत राहीन, हे कसं शक्य आहे? उतरलो, बाजूचं झाकण काढलं, दोन स्क्रू आवळले. दुसऱ्या दिवशी सायकलचा करकर आवाज. तिसऱ्या दिवशी वजन ओढायच्या यंत्राची दोरी. नऊ दिवसांत मी सहा यंत्रं दुरुस्त केली आणि एकावरही घाम गाळला नाही. मालक इतका खूश झाला की मी गेलो की आधी चहा मागवायचा आणि मग कोपऱ्यातलं बिघडलेलं यंत्र दाखवायचा.

"व्यायामाहून आलात तर अंगाला घामाचा वास यायला हवा," बायको म्हणाली. "हा ग्रीसचा वास कसा?"

माझी बायको दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. आलेल्यांची नावं लिहिते, फोन घेते. पण तिचं खरं काम वेगळंच आहे. आतून यंत्राचा घर्रघर्र आवाज यायला लागला की बाहेर बसलेल्यांपैकी निम्मे लोक हळूच चपला शोधायला लागतात. त्यांना बोलण्यात गुंतवून खुर्चीवर बसवून ठेवायचं. ते तिला असं जमतं की दाढ काढून झाल्यावरही लोक तिच्याकडून उरलेली हकिकत ऐकायला थांबतात. तिच्यापासून काही लपवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणून मी व्यायामशाळा सोडली.

मग बागेत पहाटे चालणाऱ्यांच्या घोळक्यात शिरलो. माणसं चांगली, पण बोलायला विषय एकच. एका फेरीत तीन आजार ऐकायचो आणि त्यातले दोन मला लगेच व्हायला लागायचे. शिवाय गोल गोल चालून जिथून निघालो तिथेच परत यायचं, हे मला पटेना. लिफ्ट निदान वर तरी जाते. पाचव्या दिवशी मी अंथरुणातून उठलोच नाही, आणि सहाव्या दिवशी न उठायला कारणही लागलं नाही.

असे पाच आठवडे गेले. वजन एक्क्याण्णवचं साडेएक्क्याण्णव झालं. मनातून मी टरकलो होतो, पण तसं तोंडावर दिसू देणाऱ्यांपैकी मी नाही.

आम्ही राहतो ती इमारत अकरा मजल्यांची आहे, आमचं घर तिसऱ्यावर. लिफ्ट अर्थातच माझ्या देखरेखीखाली. एका रविवारी सकाळी ती नवव्यावर बंद पडली. यंत्राची खोली गच्चीवर, म्हणजे हत्यारांची पिशवी घेऊन जिन्याने जाणं आलं. सहाव्या मजल्यावर मी कठडा धरून उभा राहिलो. कानात ठोके वाजत होते. एवढ्यात खालून एक बाई आल्या. केस पांढरे शुभ्र, हातात भाजीची पिशवी, सत्तरीच्या तरी असाव्यात. माझ्याशेजारी क्षणभर थांबल्या.

"लिफ्ट दुरुस्त करायला निघालात?"

"हो," मी एका श्वासात एवढंच बोलू शकलो.

"आधी लिफ्टवाल्याला दुरुस्त करून घ्या," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. पार वर त्यांचं दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत मी तिथेच होतो.

बाई दहाव्यावर राहतात आणि शाळेत भूगोल शिकवायच्या. आम्ही एकाच इमारतीत नऊ वर्षं राहतोय, पण गाठ कधी पडली नव्हती, कारण त्या कायम जिन्यात आणि मी कायम लिफ्टमध्ये. लिफ्ट चालू करून झाल्यावर मी मुद्दाम त्यांचं दार वाजवलं. मला चिडून दोन शब्द सुनवायचे होते, पण तोंडातून निघालं भलतंच. "तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?"

"मी पायऱ्या मोजत नाही," बाई म्हणाल्या. "मोजल्या की कंटाळा आलाच. दर मजल्यावर बघण्यासारखं काहीतरी असतं, ते बघायला जाते. पाय आपोआप येतात मागून."

म्हटलं, करून तर बघू. दुसऱ्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी घराबाहेर पडलो. जिना म्हणजे वर जायची वाट एवढंच मला माहीत होतं. लिफ्टच्या आतून सगळे मजले सारखेच दिसतात. प्रत्यक्षात चौथ्यावर एका दारासमोर सात जोड चपला होत्या आणि रोज त्यांची रांग बदलायची. पाचव्यावर कुणीतरी शिट्टी वाजवत दाढी करायचं. सातव्यावर निवडुंगाच्या कुंड्या होत्या आणि त्यांतल्या एकीत कुणीतरी चमचा खोचून ठेवला होता, तो कशासाठी हे मला अजून कळलेलं नाही. आठव्यावरची एक मुलगी व्हायोलिन शिकत होती. पहिल्या आठवड्यात तिचं वाजवणं आणि माझा श्वास यांत जास्त भेसूर काय हे सांगणं कठीण होतं. दहाव्यावर बाई दार उघडून उभ्या असायच्या. "आज तोंड कमी लाल आहे," असलं काहीतरी शेरा मारल्यासारखं म्हणायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

पहिले चार दिवस सहाव्यावर थांबलो. मग आठव्यावर. दोन आठवड्यांनी न थांबता अकराव्यावर पोचलो. तिथे एक अरुंद खिडकी आहे, तिच्यातून गावाची छपरं दिसतात आणि कित्येक छपरांवर मी बसवलेल्या लिफ्टच्या खोल्या दिसतात. त्या मोजत मी घाम पुसायचो. मला मजा यायला लागली होती. पहाटे घड्याळ वाजायच्या आधी डोळे उघडायचे, व्हायोलिनवालीचं काल अडलेलं आज सुटलं का हे ऐकायची घाई असायची. वजन चार किलोंनी उतरलं. मी उस्तादांना जाऊन सांगितलं, "आता त्या शिडीलाच घाम फुटेल." बढाई मारायला मी परीक्षेची वाट बघत नाही.

आता माझी चूक सांगतो. अशी चूक फक्त लिफ्टवालाच करू शकतो. रोज अकराव्यावर पोचलो की मी बटण दाबायचो आणि लिफ्टने खाली यायचो. त्यात मला काही गैर वाटलंच नाही. उलट जाता जाता दोरखंडाचा आवाज तपासून होतो, असं मी स्वतःला सांगायचो. चढणं हे काम. उतरणं हे काय, आपोआप होतं.

परीक्षेला चार आठवडे उरले असताना एका सकाळी मी अकराव्यावर पोचलो आणि वीज गेली. दहा मिनिटं वाट बघितली. मग निघालो जिन्याने खाली. नवव्यावर मांड्या गरम झाल्या. सातव्यावर पाय लटपटायला लागले. पाचव्यावर गुडघे माझं ऐकेनासे झाले आणि शिट्टीवाल्याच्या दारासमोर मी पायरीवर बसकण मारली. श्वास अगदी शांत होता. पण पायांत उभं राहायचं बळ नव्हतं. आणि मनोऱ्याच्या शिडीवरून आठ मजले खालीही यायचं असतं.

तिथे बसल्या बसल्या मला जे आठवलं, त्याने मी स्वतःवरच चिडलो. प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी शिकवतो: लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन टांगलेलं असतं, आणि ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं. म्हणून रिकामी लिफ्ट वर जाते ती जवळजवळ फुकटात. खाली आणतानाच मोटरला ओढावं लागतं. लोक उलटं समजतात, असं सांगून मी दरवेळी हसतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

कठडा धरून घरी आलो. दोन दिवस खुर्चीत बसताना हात टेकावे लागत होते. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी पोटभर हसली.

"मग आता रोज उतरा," ती म्हणाली.

"उतरायचा कंटाळा येतो. चढताना वर काहीतरी असतं. उतरताना तेच सगळं पुन्हा, उलट्या क्रमाने. मला शिक्षा भोगल्यासारखं वाटतं." आणि ते खरंच होतं. पुढचे दोन दिवस मी प्रयत्न केला, आणि दोन्ही दिवशी नवव्यावर पोचताच माझं बोट आपण होऊन बटणावर गेलं.

तिसऱ्या दिवशी मी अकराव्यावर पोचलो तर लिफ्टचं दार उघडलं आणि बायको बाहेर आली. पायात बूट, अंगात जुना स्वेटर.

"तू कशी इथे?"

"तुमच्या लिफ्टने. चला, उतरायला सोबत करते. दिवसभर खुर्चीत बसून माझीही पाठ धरलीय." आणि पहिली पायरी उतरताच तिने सुरुवात केली, "मी ग्रंथालयातून एक पुस्तक आणलंय. एक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा असतो. एके सकाळी तो दुकानात मेलेला सापडतो. दुकान आतून बंद. आणि भिंतीवरची अकरा घड्याळं अकरा वेगवेगळ्या वेळांना थांबलेली."

"मग?" मी म्हणालो.

"सांगते ना. पाय उचला."

चढताना माणसाला बोलता येत नाही, पण उतरताना श्वास मोकळा असतो, हे तिने बरोब्बर हेरलं होतं. ती सांगत होती, मी ऐकत होतो. म्हाताऱ्याचा पुतण्या आला, शेजारची टोपीवाली आली, म्हाताऱ्याचा नदीत बुडून मेलेला मेहुणा आला. तळमजल्याच्या शेवटच्या पायरीवर पोलिसाने सातवं घड्याळ उघडलं, त्यात एक किल्ली होती, आणि बायकोने गोष्ट तिथेच थांबवली.

"कसली किल्ली?"

"बाकीचं उद्या."

"अगं, असं काय करतेस!"

"उद्या. अकराव्यावरून."

मी चिडलो, विनवण्या केल्या, चहा करून दिला. ती बधली नाही. ती दवाखान्यात गेल्यावर मी पुस्तक शोधलं, कपाटं उपसली. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "घरी ठेवलं तर तुम्ही शेवट वाचाल, म्हणून दवाखान्यात ठेवते." दुसऱ्या दिवशी अकराव्यावर मी दोन मिनिटं आधीच पोचलो.

पाहता पाहता ते अंगवळणी पडलं. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखायच्या, पण दुखतायत हे मला तळमजल्यावर आल्यावर कळायचं. दुसऱ्या आठवड्यात बायकोने लिफ्ट सोडली आणि आठव्यापासून माझ्याबरोबर चढायला लागली, तिसऱ्या आठवड्यात थेट घरापासून. व्हायोलिनवालीचा एक तुकडा पूर्ण बसला. बाई दारातून म्हणाल्या, "आता दोघं? मग मी कुणाला रागावू?" आणि एके दिवशी त्याही दोन मजले आमच्यामागून उतरल्या, गोष्टीचा धागा कळला नाही म्हणून वैतागून परत वर गेल्या.

गोष्ट मात्र फार गुंतागुंतीची होत चालली होती. तिसऱ्या आठवड्यात नदीत बुडालेला मेहुणा छत्री घेऊन दुकानाच्या दारात उभा!

"अगं, तो मेला होता ना?"

"मेला असं लोकांना वाटलं होतं."

शेवटच्या आठवड्यात तर एक लिफ्टवाला आला. कामात वाघ, पण स्वतःच्या बढायांपुढे दुसऱ्याचं ऐकायला ज्याला फुरसत नाही, असा माणूस.

"हे असं पुस्तकात लिहिलंय?" मी जागच्या जागी थांबलो.

"मग काय, मी मनचं सांगते?" ती चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाली. "चला, सहावा आला."

परीक्षेच्या दिवशी मी कमरेला पट्टा बांधला. वजन पंच्याऐंशी भरलं. वर जायला मला काहीच वाटलं नाही, पाचवा मजला कधी मागे पडला ते कळलं नाही. आठव्यावर छताच्या तुळईला हात लावला आणि खाली बघितलं. डॉक्टर, स्टूल, आणि एका बाजूला फोन सोडून आलेले उस्ताद. इथे मात्र शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. शिडीवरून उतरताना पायरी दिसत नाही, पायाने चाचपावी लागते.

मग मी गोष्ट सुरू केली. पहिल्यापासून, मनातल्या मनात, तिच्याच आवाजात. सातव्यावर दुकान आतून बंद. सहाव्यावर किल्ली. पाचव्यावर टोपीवाली खोटं बोलते. चौथ्यावर छत्री. मेहुणा आत कसा शिरला, घड्याळं थांबवली कुणी, टोपीवालीला किल्लीची माहिती कशी, याचा मी खरोखरच विचार करत होतो. पुढची पायरी चाचपायला पाय खाली सोडला तर तो फरशीला लागला.

स्टुलावर बसलो तेव्हा ठोके एकशे अठ्ठावीस होते. तीन मिनिटं. या तीन मिनिटांत माणसाच्या हातात काही नसतं. बढाई मारून नाडी उतरत नाही. मी डोळे मिटून अकरा घड्याळं डोळ्यांसमोर आणली आणि एकेक बंद करत गेलो.

"एकशे चार," डॉक्टर म्हणाले. "पास."

उस्तादांनी माझा पंजा हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि सोडून दिला. "जा आता," ते म्हणाले, "हात काळे कर." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही होतं, ते लपवायची मला गरज वाटली नाही.

बाहेर आल्या आल्या बायकोला फोन केला. "पास!" मी जवळजवळ ओरडलोच.

"बरं झालं," ती म्हणाली. "पेशंट आहेत, ठेवते." आणि तिने फोन ठेवला.

मला ते लागलं. तीन महिने जिवाचं रान केलं आणि "बरं झालं"? संध्याकाळी घरी आलो तर ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती, आधीच घासलेलं भांडं घासत होती.

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला की. का नाही होणार?" तिने मागे वळून बघितलं नाही. "आता उद्यापासून झोपा निवांत. तुमचं काम झालं. ताकापुरती आजीबाई, आणि ताक मिळालंय."

मी बसलो. खरं सांगतो, उद्याचा विचार मी केलाच नव्हता. "बरं, ते राहू दे," मी म्हणालो. "आता तरी सांग. खुनी कोण?"

"पुतण्या," ती म्हणाली.

"छे! पुतण्या तर त्या दिवशी गावात नव्हता. तूच सांगितलंस."

"पुस्तकात पुतण्याच आहे. अगदी साधं पुस्तक होतं. नवव्या दिवशी संपलं."

मला काही समजेना. "नवव्या दिवशी? आपण तर काल सकाळपर्यंत..." मी थांबलो. "मग तो मेहुणा?"

"पुस्तकात तो मेलेलाच आहे. मी उठवला."

"टोपीवालीचं खोटं बोलणं? लिफ्टवाला?"

"सगळं माझंच. रोज दुपारी दवाखान्यात टेबलावर बसून उद्याचे अकरा मजले जुळवायचे. एकदा तर एका पेशंटला मेहुण्याच्याच नावाने हाक मारली." ती हसली, मग हसू आवरून माझ्याकडे वळली. "पुस्तक संपलं असं सांगितलं असतं तर तुम्ही दहाव्या दिवशी लिफ्टचं बटण दाबलं असतंत. आधी तेवढ्यासाठीच केलं. मग मलाच त्याची सवय लागली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण तुम्ही माझं सलग पंधरा मिनिटं कधी ऐकलं होतंत? 'दूध आणलंस का' आणि 'चावी कुठाय', एवढंच आपलं बोलणं. जिन्यात मात्र तुम्ही रोज म्हणायचात, मग? मग पुढे काय झालं?"

मला लाज वाटली. आणि लाजेच्या दुप्पट आनंद झाला, हेही खरं. नाडी बघायला डॉक्टर असते तर त्यांनी मला त्या क्षणी नापास केलं असतं.

"मग खरा खुनी कोण?" मी विचारलं. "म्हणजे तुझ्या गोष्टीतला."

"अजून ठरवलं नाही."

"मग ठरव. सहा वाजून दहा मिनिटांनी मी दारात असेन."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "परीक्षा संपली तरी?"

"परीक्षेचं काय घेऊन बसलीस! घड्याळं थांबवली कुणी हे कळल्याशिवाय मी मरायलाही तयार नाही." मग मी खुर्ची पुढे ओढली. "फक्त एक आधीच सांगून ठेवतो. तो लिफ्टवाला निर्दोष आहे."

"ते मी ठरवणार," ती म्हणाली. "तुम्ही फक्त पाय उचला."